झिलईमास्तरांच्या खुब्यातला गोळा

झिलईमास्तरांना जगात दोनच गोष्टी कळत होत्या, आणि त्यातली एक चुकीची कळली होती. पहिली, धातूचा आरसा कसा करायचा. दुसरी, आरसा झाला की काम झालं. ही दुसरी समजूतच पुढे त्यांच्या कंबरेत जाऊन बसली आणि किरकिरायला लागली.

ज्या कारखान्यात त्यांनी जन्म काढला तिथं माणसांचे खुबे आणि गुडघे बनायचे. झिजलेल्या हाडाच्या जागी बसवायचे सुटे भाग. खुब्याची रचना अगदी साधी. एक धातूची दांडी, ती मांडीच्या हाडात ठोकायची. दांडीच्या निमुळत्या टोकावर लिंबाएवढा गोळा. आणि तो गोळा ज्यात फिरतो ती वाटी, ती कंबरेच्या हाडात. वाटीला आतून बहुधा प्लास्टिकचं अस्तर असायचं. गोळ्याला खालून एक भोक असतं, त्यात दांडीचं टोक घट्ट रुतून बसतं. हे भोक ध्यानात ठेवा. मास्तरांनी ठेवलं नाही.

मास्तर झिलई खात्यात. फिरत्या चाकावर पेस्ट लावायची, गोळा धरायचा आणि घासत राहायचं, इतकं की गोळ्यात समोरच्याचं तोंड दिसावं. गोळा गुळगुळीत हवा हे खरंच आहे. खरबरीत गोळा वाटीला किसून काढील. ते काम यंत्र मापात करायचं आणि माप आलं की थांबायचं. पण मास्तरांचं माप वेगळं होतं. ते गोळा नाकासमोर धरायचे आणि आपल्या झाडूसारख्या मिशा बघायचे. मिशीचा केस न् केस सुटा दिसला तर गोळा पास. मिशीची जर नुसती काळी पट्टी दिसली तर, "हा काय गोळा आहे? हा बटाटा आहे!" म्हणून शेजारच्या कारागिराचा उद्धार.

आता हा गोळा जायचा कुठं? माणसाच्या मांसात, काळ्याकुट्ट अंधारात. तिथं कोण मिशा बघणार होतं? पण मास्तरांना विचारायची सोय नव्हती. तिरस्कार करणं हा त्यांचा जोडधंदा होता, आणि मूळ धंद्यापेक्षा तो बरा चालायचा. दांडी ठोकून बनवणारे त्यांच्या लेखी लोहार. गुडघे बनवणारे बिजागरीवाले. मापं तपासायला एक बाई होत्या, साऱ्या कारखान्यात त्यांना चेकिंगबाई म्हणत. त्या बारीक दिव्याची नळी घालून प्रत्येक गोळ्याचं भोक आतून बघायच्या. मास्तर म्हणायचे, "गोळ्याचं तोंड सोडून बुडाकडे बघणारी बाई ही एकच." बाई मान वर न करता म्हणायच्या, "तोंडं बघायला तुम्ही आहात ना, मास्तर."

पण त्यांचा खरा, ठेवणीतला तिरस्कार होता प्लास्टिकवर.

प्लास्टिकचं खातं पटांगणापलीकडच्या इमारतीत होतं आणि तिथं काम करायचा मास्तरांच्या बायकोचा धाकटा भाऊ. मास्तरांनी त्याचं नाव ठेवलं होतं बादली. गडी शांत. तिथं तो पांढऱ्या प्लास्टिकच्या कांबीतून वाट्यांची अस्तरं कातायचा. मास्तरांना हे कातणंच मान्य नव्हतं. "प्लास्टिक कातत नाहीत, प्लास्टिक सोलतात. केळ्यासारखं."

घरातही तोच कायदा. एकही प्लास्टिकचं भांडं नाही. बादली लोखंडाची, मग लोखंडाची बादली रिकामीसुद्धा उचलताना बायकोची कंबर मोडली तरी चालेल. एकदा ती बादली निसटून मास्तरांच्याच अंगठ्यावर पडली. नख काळंनिळं झालं. बायको म्हणाली, "प्लास्टिकची असती तर?" मास्तर एका पायावर उभे राहून, डोळ्यांत पाणी, दात आवळलेले, म्हणाले, "प्लास्टिकची असती तर फुटली असती. ही बघ, पोचासुद्धा नाही!" बायकोने बादलीकडे बघितलं, मग नवऱ्याच्या अंगठ्याकडे बघितलं आणि मनातल्या मनात दोघांपैकी कुणाला अक्कल जास्त ते ठरवून टाकलं.

वर्षानुवर्षं एका पायावर भार टाकून चाकासमोर उभं राहिल्यावर जे व्हायचं ते झालं. मास्तरांचा उजवा खुबा गेला. आधी लंगडले, मग काठी आली, मग रात्रीची कूस बदलता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडावर धरला आणि म्हणाले, "मास्तर, तुमचंच गिऱ्हाईक व्हायची वेळ आली. खुबा बदलायचा. धातूचा गोळा घालू, आणि वाटीला प्लास्टिकचं अस्तर."

मास्तर खुर्चीतून उठले. उठवत नव्हतं, तरी उठले. "माझ्या अंगात? बादली?"

"पूर्वीचं प्लास्टिक झिजायचं, ते खरं," डॉक्टर म्हणाले. "त्याची भुकटी व्हायची आणि त्या भुकटीपायी हाड पोखरलं जायचं. पण आताचं किरणं मारून घट्ट केलेलं असतं."

"किरणं मारा नाहीतर मंतर मारा. बादली ती बादलीच."

त्या दिवसांत धातूच्या वाटीत धातूचा गोळा बसवायचीही चाल होती, आणि बरेच डॉक्टर तिची वाखाणणी करत होते. या डॉक्टरांना ती फारशी रुचत नव्हती, पण मास्तर हटून बसले. धातूत धातू. तोही आमच्याच कारखान्याचा. तोही माझ्याच हातचा. डॉक्टरांनी शेवटी हात टेकले. माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला निघाला की लोक त्याला धोंडा निवडू देतात.

आणि इथं मास्तरांनी जे केलं ते साऱ्या पृथ्वीवर फक्त झिलई खात्यातला माणूसच करू जाणे.

गोळ्याला झिलई देताना तो कशावर तरी धरावा लागतो. त्यासाठी चाकाशेजारी पोलादी दांडा असतो. गोळ्याचं भोक त्यावर बसवायचं. पण पोलाद भोकात घासलं तर भोकाला आतून ओरखडे पडतील, म्हणून नियम असा की दांड्यावर आधी एक प्लास्टिकची टोपी चढवायची आणि त्यावर गोळा. या टोप्याही बादलीच्याच खात्यातून यायच्या. मास्तरांना त्या टोप्या बघूनच मळमळायचं. "टोपी घातली की गोळा डुलतो. डुलला की झिलईला लाटा येतात." खरंतर लाटबिट काही यायची नाही, पण मिशीला यायची. तरी रोजच्या गोळ्यांना ते मुकाट टोपी घालायचे, कारण पुढं चेकिंगबाईंची दिव्याची नळी होती. भोकात एक ओरखडा दिसला की बाई गोळा थेट भंगारात टाकायच्या.

पण स्वतःच्या गोळ्याची गोष्ट निराळी. लोकांच्या गोळ्यांना नियम, आपल्या गोळ्याला माया! बाईंनी तपासून पास केलेल्या गोळ्यांतून मास्तरांनी एक उचलला. जेवणाच्या सुट्टीत खातं रिकामं होतं. टोपी काढली, कचऱ्याच्या डब्यात भिरकावली. गोळा उघड्या पोलादावर चढवला आणि डुलू नये म्हणून वरून हातोडीचे दणके दिले. त्यात भोकाभोवती पेस्ट लागलेली. पेस्ट म्हणजे काय, बारीक वाळूच की! तीही दणक्यांबरोबर आत. मग चाक सुरू झालं. मास्तरांनी त्या गोळ्याला अशी झिलई दिली की मिशाच काय, नाकातले केससुद्धा मोजावेत. मग खालून पिळवटून गोळा दांड्यावरून ओढून काढला, पुसला, जागच्या जागी ठेवला, त्यावरचा नंबर पाठ केला आणि भांडारवाल्याला सांगितलं, "डॉक्टरांकडे हाच जाऊ दे. जावई समजून पाठव."

जावई गेला आणि बसला.

पुढची काही वर्षं मास्तरांनी नुसता उच्छाद मांडला. पाय खरोखरच छान झाला होता. निवृत्त झाले होते, काम नव्हतं, म्हणून दिवसभर चालायचे. कोपऱ्यावरच्या दुकानात, बागेतल्या बाकावर, दवाखान्याच्या रांगेत, कुठंही खुब्यावर थाप मारायचे. "धातूत धातू! माझ्या हातचा!" शेजारच्या आजीबाईंचा गुडघा बदलला होता. त्या जिना चढताना मास्तर खालून ओरडायचे, "जपून हो! आत प्लास्टिक आहे. उन्हात बसू नका, वितळेल!" त्या बिचाऱ्या खरोखरच कितीतरी दिवस सावलीतून चालल्या.

मेव्हणा घरी आला की मास्तर त्याच्यासमोर मुद्दाम उठाबशा काढायचे. "बघ रे बादली! तुझ्या अस्तरावर होईल का हे?"

"होईल की, दाजी."

"होईल! म्हणे होईल. आणि झिजेल ते?"

"झिजेल थोडं. तुमचंही झिजत असेल."

"माझं? अरे, धातू आहे तो!"

"धातूच झिजतो ना, दाजी. तुमचा सारा जन्म धातू झिजवण्यात गेला." एवढं बोलून मेव्हण्याने चहा पिऊन टाकला. मग बायकोला स्वयंपाकघरात हसू आवरेना, तर तिने भांडी घासायला घेतली.

मग आवाज सुरू झाला.

पहिल्यांदा तो मास्तरांना सकाळी ऐकू आला. किर्र. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, तेलाची बुधली काढली आणि दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुपारी पुन्हा किर्र. मग खिडक्यांना घातलं, कपाटाला घातलं, खुर्चीला घातलं. सुतार, लोहार, घर बांधणारा मिस्त्री, सगळ्यांच्या नावाने बोटं मोडून झाली. संध्याकाळी बुधली घेऊन पुन्हा दाराकडे निघाले तेव्हा बायको भाजी निवडत बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, दार बंद आहे. तुम्ही चालताय."

मास्तर थबकले. आवाज थांबला. एक पाऊल टाकलं. किर्र.

"चपला," मास्तर म्हणाले.

"तुम्ही अनवाणी आहात."

त्यानंतर मास्तर घरात असले की बायकोला ते कुठं आहेत हे बघायला मान वळवावी लागत नसे. पण मास्तर मानतील तर शपथ! जांघेत दुखायला लागलं. म्हणाले, थंडी आहे. जांघेत गाठीसारखी सूज आली. म्हणाले, बाकावर बसून आली, बाक प्लास्टिकचे केलेत हल्ली. तोंडाला एकसारखी धातूची चव यायला लागली, जणू नाणं चघळतोय, म्हणाले, "तू भांडी नीट विसळत नाहीस." हे शेवटचं ऐकून बायकोने त्यांचं ताट त्यांच्यासमोर आपटलं आणि भावाला निरोप धाडला.

मेव्हणा त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेला. रक्त तपासलं. सुजेत सुई घालून पाणी काढलं. पाणी कसलं, काजळ कालवल्यासारखं करडं-काळं. डॉक्टरांनी नळी उजेडात धरली.

"हे माझं नाही," मास्तर म्हणाले.

"मग कुणाचं? मी आत्ताच तुमच्यातून काढलं."

"नर्सबाईंनी नळी धुतली नसेल."

डॉक्टरांनी नळी खाली ठेवली. "मास्तर, गोळा कोबाल्ट आणि क्रोमचा. दोन्ही तुमच्या रक्तात नको तेवढे सापडलेत. गोळा वाटीत घासतोय ते एक. पण मला वाटतं मोठी खोट गोळ्याच्या भोकात आहे, दांडी जिथं रुतते तिथं. तिथं गंज धरलाय."

"गंज!" मास्तर असे ओरडले की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. "या धातूला गंज? नेऊन समुद्रात टाका, कैक वर्षांनी काढा, मिशी दिसेल त्यात!"

"समुद्र परवडला. तिथं पाणी वाहतं. इथं फटीत अंगातलं पाणी कोंडून बसतं." डॉक्टरांनी एका हाताची मूठ केली आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्यात खुपसलं. "या धातूच्या अंगावर एक पापुद्रा असतो, डोळ्याला न दिसणारा. तोच त्याला जपतो. जोड घट्ट नसला की पावलागणिक दोन्ही भाग केसाहून कमी हलतात. पापुद्रा खरवडला जातो, पुन्हा धरतो, पुन्हा खरवडला जातो. दर वेळी थोडा धातू सुटून अंगात. तुम्ही दिवसभर चालता ना?"

"चालतो! तरण्याताठ्यांना मागे टाकतो!"

"मग दिवसभर खरवडतंय."

मग डॉक्टरांनी सरळच सांगितलं. त्या काळ्या चिखलाने आजूबाजूचं मांस मरत चाललं आहे. खुबा धरून ठेवणारे स्नायू अजून बरेचसे शाबूत आहेत. आता उघडून बदललं तर मास्तर आपल्या पायांनी चालतील. रेंगाळलं तर स्नायू जातील, आणि मग जगातला कितीही चांगला खुबा घातला तरी तो जागेवर राहणार नाही. उरलेला जन्म कुबड्या नाहीतर खुर्ची. "आणि या वेळी तुमचं ऐकणार नाही. गोळा चिनीमातीच्या जातीचा, आणि अस्तर प्लास्टिकचं."

मास्तर उठले, टोपी घातली, आणि किर्र किर्र करत बाहेर पडले.

घरी जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडायला दोन माणसं लागतात. इथं बायको एकटीच बोलत होती आणि मास्तर भिंतीकडे बघत होते.

"जन्मभर ऐकलं तुमचं. लोखंडाच्या बादल्या ओढल्या. आता तुम्ही खुर्चीत बसणार आणि तुम्हाला उचलणार कोण? मी? तुम्ही म्हणजे वर झिलई आणि आत काळं पाणी. जा, बसा त्या गोळ्याला कवटाळून. आरसा आहे ना तो? मग त्यालाच सांगा उचलायला!"

"प्लास्टिक घालून घेणार नाही," मास्तर भिंतीला म्हणाले. "कारखान्यातले काय म्हणतील? बादलीच्या वाटीत बसला झिलईमास्तर?"

म्हणजे बघा. पाय जातोय, मांस सडतंय, आणि या गृहस्थाला चिंता कुणाची, तर ज्या लोकांना हा आयुष्यभर लोहार आणि बिजागरीवाले म्हणत आला, त्यांच्या मताची.

दिवस असेच गेले. मास्तरांना वाकायला बंदी होती, अंघोळ करताना उभं राहवत नव्हतं. मेव्हण्याने बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात एक स्टूल आणून ठेवलं. पांढरं, हलकं, पायांना रबर लावलेलं. प्लास्टिकचं.

मास्तर पंचा गुंडाळून न्हाणीघरात गेले आणि त्यांना ते स्टूल दिसलं.

"हे कुणी आणलं?"

"मी, दाजी," मेव्हणा बाहेरून म्हणाला. "बसून अंघोळ करा."

"या घरात?" मास्तर गरजले. "माझ्या न्हाणीत?" आणि स्टूल उचलून बाहेर भिरकवायला ते वाकले. खाली, पुढं, पाय आत वळवून. डॉक्टरांनी जे जे करू नका म्हणून बजावलं होतं ते सगळं एकाच हालचालीत. आतून एक आवाज आला. या वेळी किर्र नाही. खटक्! लाकडी पेटीचं झाकण निघावं तसा. गोळा वाटीतून बाहेर.

मास्तर पडले नाहीत. पडले असते तर कदाचित मान राहिला असता. ते बसले. कशावर? त्याच स्टुलावर! ओल्या पंचात, एक पाय भलत्याच दिशेला, तोंड उघडं, मिशा थरथरत. उठायची सोय नाही, सरकायची सोय नाही. स्टूल मात्र हललं नाही. रबरं चांगली होती.

रुग्णवाहिका यायला वेळ लागला. तोवर मेव्हणा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर उकिडवा बसून त्यांचा पाय धरून राहिला. मास्तरांनी दातओठ खात विचारलं, "किती वजन पेलतं रे हे?"

"तुमच्यासारखे दोन, दाजी."

बायकोने वरून घोंगडी टाकली. म्हणाली, "तुमच्यासारखे दोन! एक पेलताना माझा जन्म गेला."

दवाखान्यात मास्तरांनी कागदावर सही केली. तोंडाने हो म्हणाले नाहीत, फक्त सही केली, आणि एवढंच म्हणाले, "गोळा काढाल तो फेकू नका. मी बघणार. त्यात खोट निघाली तर मिशा काढीन." गुंगीचं औषध चढेपर्यंत माणसाची ऐट काही उतरली नाही.

डॉक्टरांनी उघडलं, सारा काळा चिखल खरवडून काढला, मेलेलं मांस काढलं. स्नायू वाचले होते, थोडक्यात. नवा गोळा बसला, नवं अस्तर बसलं, पांढरं, मुकं. जुना गोळा तपासणीसाठी कारखान्यात गेला.

पायात बळ आल्यावर मास्तर काठी टेकत कारखान्यात गेले. बरोबर मेव्हणा. चेकिंगबाईंच्या टेबलावर गोळा कापडावर ठेवलेला होता. मास्तरांनी तो झडप घालून उचलला, नाकासमोर धरला. एका बाजूला वाटीत घासून मंद झालेला पट्टा होता, पण उरलेला गोळा? लखलखीत! मिशी दिसत होती. केस न् केस. इतकी वर्षं अंधारात, काळ्या पाण्यात, तरी मिशी दिसत होती.

"बघा!" मास्तरांचा आवाज फुटला. "बघा म्हणावं त्या डॉक्टरला! हा गंज आहे?"

"उलटा करा," चेकिंगबाई म्हणाल्या.

"काय?"

"गोळा उलटा करा, मास्तर. आणि या नळीतून बघा. जन्मात एकदा."

मास्तरांनी डोळा लावला. आत कोळशाच्या खाणीसारखं काळं. खरवडून, खाऊन, पोखरून टाकलेलं. आणि त्या काळ्यातही, वरून आतपर्यंत, स्क्रूच्या आट्यासारखी वळत गेलेली ओरखड्यांची रेघ. जिथून सगळं सुरू झालं.

"उघड्या पोलादावर चढवलाय हा," बाई म्हणाल्या. "वरून हातोडीही मारलीय. माझ्या हातून पास होऊन गेला तेव्हा भोक स्वच्छ होतं. मी प्रत्येक बघते. त्यानंतर कुणीतरी उद्योग केलाय. टोपी न घालता."

मास्तरांनी नळीवरून डोळा काढला नाही. "असेल कुणीतरी गाढव," ते म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "मलाही तसंच वाटतं."

मेव्हणा खिडकीतून बाहेर पटांगण बघत होता. पटांगणात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

परत जाताना फाटकापाशी मास्तर थांबले. "तू काही बोलला नाहीस."

"काय बोलायचं, दाजी?"

"काही नाही."

"तुमच्या ऑपरेशनच्या आधी एकदा झिलई खात्याच्या कचऱ्यात आमची एक टोपी सापडली होती," मेव्हणा म्हणाला. "कोरी करकरीत. म्हटलं, टाकली कुणी? उचलून धुऊन परत ठेवून दिली." आणि त्याने रिक्षाला हात केला.

गोळा मास्तरांनी मागून घेतला. घरी दिवाणखान्याच्या फळीवर ठेवला, लखलखीत बाजू पुढं, भोक भिंतीकडे. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. सकाळी बायकोने फळी पुसली आणि गोळा ठेवताना भोक पुढं केलं. दुपारी मास्तरांनी फिरवला. दुसऱ्या सकाळी तिने फिरवला. शेजारच्या आजीबाई डोकावल्या त्या दिवशी नेमकं भोक पुढं होतं. त्यांनी चष्मा सावरून आत बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, उन्हात ठेवला होता का हो?"

मास्तरांच्या चालण्याचा आता आवाज येत नव्हता. याचा बायकोला नवाच ताप झाला होता. स्वयंपाकघरात मागे वळावं तर मास्तर उभे. "अहो, आवाज तरी करत जा!" ती दचकून ओरडायची. मेव्हण्याने एकदा विचारलं, "कसं वाटतंय, दाजी?"

"बादलीत पाय घातल्यासारखं."

"मग काढून टाकायचं?"

"आता घातलंय तर राहू दे," मास्तर म्हणाले, आणि चहाला बसले. बसले कशावर ते मेव्हण्याने बघितलं. न्हाणीतलं स्टूल बाहेर आलं होतं.

आणि एके दुपारी बायको झोपून उठली तर फळीवर गोळा नाही. मास्तर खिडकीपाशी, स्टुलावर. गोळा उलटा, मांडीवर. करंगळीला फडकं गुंडाळलेलं, फडक्याला पेस्ट, आणि करंगळी भोकात. दात आवळून, काढायच्या राहून गेलेल्या मिशा चावत, ते आतून घासत होते. थोडं घासायचं, उजेडाला धरायचं, डोळा लावायचा, पुन्हा घासायचं.

बायको दारात उभी राहून बघत राहिली. सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही. "अहो," ती म्हणाली, "आता तिथं कोण बघायला जाणारे?"

मास्तर दचकले. मग मान वर न करता म्हणाले, "चेकिंगबाई."

आणि पुन्हा घासायला लागले.